‘रिपोर्ट’ बटण दाबलं म्हणजे तक्रार झाली का?

पाटीपेन्सिल

शाळांतून पालकांना वाटल्या जाणाऱ्या पत्रकांत एक ओळ हमखास असते: “काही आक्षेपार्ह दिसल्यास रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा.” माझ्या मते ही ओळ अपुरी आहे आणि काही वेळा मुलाचं नुकसान करणारी आहे. इथे कायदा आणि तंत्र दोन्ही जाणणारे सदस्य आहेत, म्हणून हा धागा.

‘रिपोर्ट’ हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिली म्हणजे ॲपमधल्या तीन ठिपक्यांमागचं बटण. ते दाबलं की कंपनी तो मजकूर स्वतःच्या नियमांशी ताडून बघते. दुसरी, कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे केलेली लेखी तक्रार. तिला २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या मुदती लागू होतात. तिसरी, पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) केलेली तक्रार. गुन्हा नोंदवला जातो तो या तिसऱ्या वाटेनं. बटण दाबलं की पोलिसांना आपोआप कळतं असं बहुतेक पालक धरून चालतात आणि तिथेच थांबतात.

‘ब्लॉक’चा घोळ वेगळा आहे. अचानक ब्लॉक झालं की समोरच्याला अंदाज येतो आणि तो आवरासावर करतो. इन्स्टाग्रामवर ‘अनसेंड’ केलेला मेसेज दोन्ही बाजूंनी जातो. टेलिग्रामवर तर दोघांपैकी कुणीही एक जण संपूर्ण खासगी संभाषण दोघांकडूनही पुसू शकतो. म्हणजे मुलाच्या फोनमधला पुरावा समोरच्या माणसाच्या हातात असतो.

माझी मांडणी अशी: आधी पुराव्याची नोंद, मग पोर्टल, मग ॲपचं बटण, ब्लॉक सगळ्यात शेवटी. पटत नसेल तर कारणासकट सांगा.

बिटबाइट

धाग्याशी सहमत, पण एक दुरुस्ती. बटणाचा निरोप पोलिसांपर्यंत कधीच जात नाही असं नाही. तो फार लांबून फिरून जातो, आणि प्रत्येक वेळी जातोच असंही नाही.

अमेरिकेतल्या कंपन्यांना मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य आढळलं तर तिथल्या एनसीएमईसी या (बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या) संस्थेच्या सायबरटिपलाइनला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. भारताशी संबंधित अहवाल २०१९ च्या करारानुसार राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येतात आणि तिथून त्या त्या राज्याकडे जातात. महाराष्ट्र सायबरची ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ मोहीम अशाच माहितीवर उभी होती. पण २०२३ या एका वर्षात जगभरातून त्या टिपलाइनवर ३ कोटी ६० लाखांहून जास्त अहवाल गेले. त्या ढिगात तुमच्या मुलाचा अहवाल केव्हा वर येईल हे कुणाच्याच हातात नसतं.

आणि या वाटेनं जातं ते कंपनीनं ‘बाल शोषण’ म्हणून ओळखलेलं साहित्य. “किती गोड दिसतेस, घरी कोण आहे, फोटो पाठव ना” अशा मेसेजांची साखळी असेल आणि ती रोमन लिपीतल्या मराठीत असेल, तर यंत्राला त्यात वावगं काही दिसत नाही. माणूस तपासनीस असला तरी त्याच्यापुढे अनेकदा एकच मेसेज येतो, आधीची तीन आठवड्यांची गोडीगुलाबी येत नाही.

त्यामुळे रिपोर्ट करताना कारण कोणतं निवडता याला फार महत्त्व आहे. ‘स्पॅम’ किंवा ‘मला आवडलं नाही’ निवडलं तर तक्रार वेगळ्या रांगेत जाते, जिथे बहुतेक वेळा माणूस बघतच नाही. नग्नता किंवा लैंगिक कृत्य हा पर्याय निवडून पुढच्या पडद्यावर ‘१८ वर्षांखालील व्यक्ती’ असा उपपर्याय येतो, तोच घ्यायचा. शब्द ॲपगणिक बदलतात, पण दुसऱ्या पायरीवर मुलाचा उल्लेख असलेला पर्याय शोधल्याशिवाय ‘सबमिट’ करू नका. शक्य असेल तिथे नुसतं खातं रिपोर्ट न करता तो विशिष्ट मेसेज किंवा ती पोस्ट रिपोर्ट करा. खातं रिपोर्ट केलं की तपासनीस त्याची भिंत बघतो. भिंतीवर फुलांचे फोटो असतात, तक्रार निकालात निघते.

अधिवक्ता_कृष्णाकाठ

कायद्याची बाजू मांडतो.

पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण) कायदा, २०१२ चे कलम १९: मुलाविरुद्ध लैंगिक गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची शक्यता वाटली, तर ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मुलाने स्वतः न कळवल्याबद्दल मात्र शिक्षा होत नाही. २०२० च्या पॉक्सो नियमांतील नियम ११ असे साहित्य मिळालेल्या व्यक्तीला सायबर क्राइम पोर्टलवरही कळवण्याची मुभा देतो. ॲपमधील बटणाचा उल्लेख यात कुठेही नाही. मुख्याध्यापकांनी “आम्ही इन्स्टाग्रामला रिपोर्ट केले होते” असे सांगितले तर कलम १९ चे कर्तव्य पार पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या ‘जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रन अलायन्स’ निकालात हेच कंपन्यांच्या बाबतीत म्हटले. नुसते एनसीएमईसीला कळवून भागत नाही. पॉक्सोप्रमाणे इथल्या पोलिसांना कळवले नाही तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे संरक्षण (वापरकर्त्यांनी टाकलेल्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार न धरण्याचे) कंपनीला मागता येणार नाही. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द न्यायालयांनी वापरू नये, कारण त्यातून संमतीचा भास होतो, असेही त्याच निकालात आहे. आपणही इथे तो वापरू नये अशी विनंती.

आता सगळ्यात जास्त चूक होते ती जागा. असे चित्र स्वतःजवळ साठवणे किंवा पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे. पॉक्सोचे कलम १५ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब, ज्यात पहिल्या अपराधाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. कलम १५(२) मध्ये तक्रार करण्यासाठी किंवा न्यायालयात पुराव्यासाठी असा अपवाद आहे. तो “सावध राहा” म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणाऱ्याला मिळत नाही. हेतू चांगला होता हे सांगायला तपास अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागते.

मोगरा_७

पाटीपेन्सिल, तुमचा क्रम मला मान्य नाही. कायदा बरोबर असेल, पण मुलीचा फोटो इन्स्टाग्रामवर लागला आहे आणि वर्गातली मुलं तो बघताहेत, अशा वेळी आई-बाप आधी पोर्टल उघडून अर्ज भरत बसणार का? दर तासाला तो फोटो नव्या फोनात उतरत असतो. पहिलं काम तो खाली आणणं. पोलीस ठाण्यात जायचं की नाही हे ठरवायलाच कित्येक घरांत दोन दिवस जातात, आणि त्या दोन दिवसांत मुलीवर काय गुजरतं याचा विचार कुणी करायचा? “आधी पोर्टल” हा सल्ला तक्रारीच्या सोयीचा आहे, मुलीच्या सोयीचा नाही.

शिवाय १८ वर्षांखालच्यांसाठी एनसीएमईसीची ‘टेक इट डाउन’ ही सेवा २०२३ पासून आहे. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा हॅश, म्हणजे आकड्यांतला ठसा, तयार होतो आणि फक्त ठसा जातो. नाव विचारत नाहीत. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक अशा सहभागी कंपन्या तो ठसा जुळवून फोटो अडवतात. फोटो अजून कुठे लागलेला नाही, नुसती धमकी आहे, तेव्हाही हे करता येतं. पत्रकात ही माहिती का नसते?

अधिवक्ता_कृष्णाकाठ

मोगरा, आपला आक्षेप रास्त आहे, आणि कायदा आपल्या विरोधात नाही. “आधी काढले तर पुरावा जाईल” ही भीती अर्धीच खरी आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीने तक्रारीवरून काढलेला मजकूर आणि त्यासंबंधीच्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. वापरकर्त्याने खाते बंद केले तरी नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवावी लागते. अमेरिकेतही टिपलाइनला कळवलेले साहित्य आता वर्षभर जपावे लागते. २०२४ पूर्वी ही मुदत ९० दिवस होती.

म्हणजे कंपनीने काढलेले वाचते. आरोपीने स्वतः ‘अनसेंड’ केलेले मेसेज तसेच वाचतील याची खात्री नसते. म्हणून दोन परिस्थिती वेगळ्या धराव्यात. चित्र सार्वजनिक लागले असेल तर दहा मिनिटांत दुवे आणि नावे उतरवून लगेच बटण दाबावे, पोर्टल त्याच दिवशी. खासगी मेसेजमधून छळ चालू असेल तर आधी नोंद आणि पोलीस, बटण नंतर.

दुसऱ्या वाटेबद्दलही थोडे. नियम ३(२)(ब) प्रमाणे नग्न, अर्धनग्न किंवा लैंगिक कृत्य दाखवणारे चित्र असेल, तर त्या व्यक्तीला किंवा तिच्या वतीने कुणालाही तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. २०२१ मध्ये नियम आले तेव्हा मुदत २४ तासांची ठेवली होती. बनावट, चेहरा चिकटवलेली चित्रेही यात स्पष्ट शब्दांत येतात, त्यामुळे “हे खरे नाही, एआयने केलेले आहे” या उत्तराने कंपनीची सुटका होत नाही. तक्रारीत नियमाचा क्रमांक लिहावा, मुलाचे वय लिहावे, दुवा द्यावा, चित्र जोडू नये. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. या समित्या मार्च २०२३ पासून काम करताहेत.

पाटीपेन्सिल

मोगरा, मान्य. सार्वजनिक फोटोच्या बाबतीत माझा क्रम चुकीचा होता.

‘टेक इट डाउन’ पत्रकात नसण्याचं कारण बहुधा एवढंच, की पत्रक लिहिणाऱ्यांना ते माहीत नसतं.

बिटबाइट

‘टेक इट डाउन’च्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर मुलं त्यावर नको तितकी विसंबतील. ठसा दोन तऱ्हांचा असतो. साध्या ठशात फाइलचा एक बाइट बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. व्हॉट्सॲपवरून एकदा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, म्हणजे तेवढ्यानेच तो ‘वेगळा’ ठरला. म्हणून चित्राच्या दिसण्यावरून काढलेले ठसे वापरतात. मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ विद्यापीठाच्या हानी फरीद यांचं फोटोडीएनए २००९ चं, फेसबुकचं पीडीक्यू २०१९ पासून सर्वांना खुलं. पीडीक्यूचा ठसा २५६ बिटांचा असतो आणि ३१ पर्यंत बिट वेगळे असले तरी तेच चित्र असं साधारण धरतात. आकार बदलणं, थोडं उजळ करणं यातून ते निभावतं. पण चित्र उलटं फिरवलं, मोठी चौकट लावली, निम्मं कापलं की जुळणी सुटते.

यातून निघणारी कामाची गोष्ट: तुमच्याकडे फोटोच्या जितक्या आवृत्त्या असतील (मूळ, कापलेली, मजकूर लिहिलेली) तितक्या सगळ्यांचे ठसे द्या. मूळ फोटो फोनमध्ये असेल तर घाबरून आधी तो पुसू नका, त्यावरूनच ठसा काढायचा आहे. आणि एन्क्रिप्शन असलेल्या खासगी चॅटमध्ये कंपनी ही जुळणी करत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो या वाटेनं थांबत नाही.

तपासणीस

सायबर तपासात नेमकं काय लागतं ते लिहितो, कारण निम्म्या तक्रारी इथेच अडतात.

नाव नको, युजरनेम हवं. प्रोफाइलवर वर दिसतं ते नाव कुणीही काहीही ठेवतं, बदलतं. युजरनेमही बदलता येतं, म्हणून प्रोफाइलचा पूर्ण दुवा आणि त्यासोबत निदान एका पोस्टचा दुवा घ्या. युजरनेम बदललं की जुना प्रोफाइल दुवा मरतो, पोस्टचा दुवा टिकतो. टेलिग्राम असेल तर चॅनेलचं युजरनेम आणि त्या विशिष्ट संदेशाचा दुवा. व्हॉट्सॲप असेल तर देशाच्या कोडसह पूर्ण नंबर, कारण अधिक ९१ शिवायचे नंबर ही तपासाची वेगळी दिशा असते.

वेळ मिनिटापर्यंत लिहा. आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर एकच आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक) एका वेळी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. आयपी मिळाला तरी नेमकी वेळ आणि पोर्ट (त्या पत्त्याखालचा उपक्रमांक) नसेल तर दूरसंचार कंपनी एकच नाव देऊ शकत नाही. “गेल्या आठवड्यात रात्री कधीतरी” यावरून काही होत नाही. कंपनीच्या नोंदी जागतिक वेळेत असतात, आपली वेळ साडेपाच तास पुढे. तक्रारीत ‘भारतीय वेळ’ असं लिहिलं की गोंधळ टळतो.

स्क्रीनशॉट कापू नका. वरची वेळेची पट्टी आणि समोरच्याचं युजरनेम दिसू द्या. एका पडद्याचा दुसऱ्याशी दुवा लागावा म्हणून मागच्या शॉटमधली शेवटची ओळ पुढच्यात घ्या. चित्र असलेल्या भागाचा शॉट घेऊ नका. तिथपर्यंतचा मजकूर, वेळ, आणि “यापुढे चित्र आहे, फोनमध्ये आहे” अशी नोंद पुरते. चित्र पोलीस फोनमधूनच घेतील.

स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला सूचना जाते. तिथे दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यानं पडदा टिपा. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना त्या व्यक्तीकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. समोरच्यानं शेवटी पाच वेळा ‘हाय’ लिहिलं असेल तर कंपनीला तेवढंच दिसतं, म्हणून नेमक्या मेसेजवर बोट दाबून धरून तोच रिपोर्ट करा. त्याच वेळी ‘ब्लॉक करा आणि चॅट पुसा’ असा पर्याय समोर येतो. तो खुणेसकट तसाच ठेवून पुढे गेलात तर सगळं संभाषण तुमच्याच हातानं गेलं. ‘डिसअपिअरिंग मेसेज’ चालू असेल (२४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस) तर आधी तो बंद करा. जुन्या मेसेजांची मुदत त्यानं थांबत नाही, ते लगेच टिपावे लागतात.

फोन रीसेट करू नका, दुरुस्तीला देऊ नका, मुलाला नवा फोन देऊन जुना विकू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात हॅश लिहावा लागतो. मूळ उपकरण हाताशी असेल तर हे सोपं जातं.

रानवाट

आमच्याकडे पालकांचे ग्रुप “या खात्याला सगळ्यांनी रिपोर्ट करा, शंभर झाले की उडतं” असे निरोप फिरवतात. त्याचा उपयोग होतो का?

बिटबाइट

@रानवाट, नाही. योग्य कारण निवडलेली एक तक्रार पुरते. एकाच पोस्टवरच्या अनेक तक्रारी एकत्र करून एकदाच तपासल्या जातात. शंभरांपैकी नव्वद जणांनी चुकीचं कारण निवडलं तर उलट गोंधळ वाढतो. आणि दुवा दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे ते चित्र दोनशे जणांना दाखवणं. खरोखर मुलाचं चित्र असेल तर तो दुवा पसरवणारे आपणच ठरतो.

मोगरा_७

चुकीच्या संशयाबद्दल कुणी बोललं नाही. अमेरिकेतलं एक प्रकरण २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं होतं. एका बापानं डॉक्टरला दाखवायला म्हणून लहान मुलाच्या दुखऱ्या अवयवाचा फोटो काढला, तो आपोआप गूगलवर साठला, यंत्रानं तो शोषणाचं साहित्य ठरवला, खातं कायमचं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नाही असं सांगितल्यावरही खातं परत मिळालं नाही. बाळाच्या आंघोळीचे, तेल लावतानाचे फोटो आपल्याकडे घराघरांत असतात. आई-बापांनी काय करायचं?

बिटबाइट

त्या प्रकरणात ठसा जुळला नव्हता, नव्या चित्राचा अंदाज बांधणाऱ्या यंत्रानं चूक केली होती. हा फरक मोठा आहे. ठसा जुळणं म्हणजे आधी माणसानं तपासलेलं चित्र पुन्हा सापडणं. तिथे चूक क्वचित होते. न पाहिलेल्या चित्रावरचा अंदाज संदर्भाविना असतो. सोपा उपाय म्हणजे असे फोटो आपोआप क्लाउडवर चढू देऊ नका आणि सोशल मीडियावर तर टाकूच नका. डॉक्टरला दाखवायचा असेल तर शक्यतो मूलच दाखवा.

मांडवीकिनारी

गोव्यातून लिहितेय. आमचा गोवा बाल कायदा २००३ चा, म्हणजे पॉक्सोच्या नऊ वर्षं आधीचा. त्यात फोटो आणि फिल्म धुऊन देणाऱ्यांवर मुलांची अश्लील चित्रं आढळली तर पोलिसांना कळवण्याचं बंधन घातलेलं आहे. तेव्हा फोटो स्टुडिओला जे सांगितलं तेच आज कंपन्यांना सांगायला इतकी वर्षं का लागावीत, हा माझा प्रश्न. पोर्टलवर निनावी तक्रार करता येते, ती करावी का?

तपासणीस

@मांडवीकिनारी, अनोळखी चॅनेल किंवा वेबसाइट दिसली असेल तर निनावी तक्रार योग्य. महिला आणि मुलांविषयीच्या विभागात तो पर्याय आहे. त्यात मागोवा घेता येत नाही, आणि तपास अधिकारी परत काही विचारू शकत नाही, म्हणून दुवे आणि वेळा पहिल्याच वेळी पूर्ण द्या. ओळखीच्या मुलाबद्दल असेल तर ‘रिपोर्ट ॲन्ड ट्रॅक’ घ्या. मोबाइलवर ओटीपी येतो, पोच क्रमांक मिळतो. तो क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जाता येतं.

मुलाला मदत तातडीनं हवी असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. पैसे उकळणं चालू असेल तर पैसे पाठवू नका, एकदा दिले की मागणी वाढते. दिले गेले असतील तर लगेच १९३० वर फोन, यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून. १९३० वर पैशांचं बघतात. फोटोची तक्रार वेगळी करावीच लागते, ती विसरली जाते.

रानवाट

पोलीस मुलाला ठाण्यात बसवून विचारतील या भीतीनं लोक जात नाहीत, त्याचं काय?

अधिवक्ता_कृष्णाकाठ

पॉक्सोचे कलम २४ दाखवावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात न येता घ्यायचा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. कलम २६ प्रमाणे आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. फोटो पसरवणारा स्वतः १८ वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, हेही पालकांना आधी सांगावे. वर्गमित्र असला की “त्याचे आयुष्य उद्ध्वस्त होईल” म्हणून तक्रार दाबली जाते.

पाटीपेन्सिल

पत्रकातली ती ओळ मी अशी बदलतोय, बघा कशी वाटते:

“काहीही पुसू नका, ब्लॉक करू नका. युजरनेम, दुवा, तारीख, वेळ कागदावर लिहा. चित्र कुणालाही पाठवू नका, आम्हालाही नाही. सार्वजनिक दिसत असेल तर ‘१८ वर्षांखालील’ हा पर्याय निवडून लगेच रिपोर्ट करा. त्याच दिवशी पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या.”

मोगरा_७

छान आहे, पण “ब्लॉक करू नका” एवढंच वाचून मुलगी त्या माणसाचे मेसेज दिवसभर बघत बसेल. तिला काहीतरी करता आलं पाहिजे.

बिटबाइट

इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ आहे. त्याचे मेसेज विनंत्यांच्या कप्प्यात जातात, सूचना वाजत नाही, आपण वाचलं का ते त्याला दिसत नाही, आणि रिस्ट्रिक्ट केल्याचं त्याला कळवलंही जात नाही. व्हॉट्सॲपवर चॅट म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. फोन मोठ्या माणसाकडे द्यायचा, चार्जर लावून.

पाटीपेन्सिल

“ब्लॉक करू नका” काढून “सध्या रिस्ट्रिक्ट किंवा म्यूट करा, पोलिसांनी नोंद घेतल्यावर ब्लॉक करा” असं घातलं. आणि पहिल्या ओळीच्याही आधी एक ओळ आली: “फोन आईबाबांकडे किंवा विश्वासाच्या शिक्षकांकडे द्या. तुला कुणी रागावणार नाही.” पालकांच्या सभेत ही ओळ पालकांकडून मोठ्यानं वाचून घेणार आहे.